पावसाच्या आधी जनरेटर एकदा चालवून बघा



गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीबद्दल लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली, पण एक पत्र टाकीबद्दल नव्हतेच. मंडणगड तालुक्यातल्या एका भगिनीने लिहिले आहे : "आमचा जनरेटर सुरू होतो, अर्धा तास नीट चालतो, मग आवाज खाली जातो आणि बंद पडतो. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. मिस्त्रीने आधी फिल्टर बदलला, मग नोझल बदलला, आता डिझेलचा पंप खोलायचा म्हणतो. मुलांचे अब्बू कतारला. ते फोनवरून काय सांगणार? पाऊस तोंडावर आला आहे, काय करू?"

भगिनी, पंप खोलू देऊ नका. आधी टाकीचे झाकण उघडून पाहा. असे का सांगते, त्याला एक कारण आहे, आणि ते कारण सांगायचे तर २०२० सालात जावे लागेल.

त्या वर्षीची ईद लॉकडाऊनमध्ये घरातच झाली. तिला आठ-नऊ दिवस होतात न होतात तोच, ३ जूनला दुपारी, निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब मधोमध मोडले. मोबाइलचे टॉवर बंद. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. आमच्या घरात तेव्हा दम्याचे आजारी सासरे, इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई, तीन मुले आणि मी. हे कुवेतला, आणि विमाने बंद.

जनरेटर मात्र होता. पाच वर्षांपूर्वी घेतलेला, ५ केव्हीएचा, एका सिलिंडरचा, हवेने थंड होणारा. मला त्याच्याबद्दल माहिती एवढीच, की तो मागच्या शेडमध्ये आहे आणि हँडल दाराच्या मागे टांगलेले असते. आमच्याकडे गल्फवाल्यांच्या घरात हे यंत्र बहुतेक असेच असते. सुट्टीवर आलेला माणूस हौसेने घेतो, स्वतः चालवतो, आणि तो परत गेला की यंत्र ताडपत्रीखाली झोपते. जेव्हा खरी गरज पडते तेव्हा घरात असतात बायका, म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले.

पहिले दोन दिवस आम्ही डिझेल वाचवायला जेमतेम वीस मिनिटे चालवायचो. विहिरीवरची मोटर लावायची, टाकी भरायची, बंद करायचे. अब्बांचा नेब्युलायझर त्याच वेळात उरकून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी डिझेलची टाकी काठोकाठ भरली आणि फ्रिजसाठी तासभर चालवायचे ठरवले. पंचवीस मिनिटांत आवाज खाली गेला, दिवे मंद झाले, यंत्र दोन-तीनदा उसळले आणि बंद. थांबून सुरू केले, पुन्हा तेच. तालुक्याचा मिस्त्री येणार कसा? रस्त्यावर झाडे आडवी पडलेली.

सासऱ्यांनी उमेदीची वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिन-रूममध्ये तेलवाला म्हणून काढली होती. त्या वेळी त्यांना पलंगावरून उठून शेडपर्यंत जाणेही जमत नव्हते. पडल्या पडल्या त्यांनी मला विचारले, "बेटा, झटकन बंद पडतं की तडफडून?"

मी म्हटले, "तडफडून."

"मग त्याला डिझेल कमी पडतंय. झटकन बंद पडलं असतं तर दुसरं काही पाहिलं असतं. जा, टाकीचं झाकण हळू फिरव आणि कान दे."

झाकण सैल केले आणि फुस्स करून हवा आत गेली, लोणच्याची घट्ट बरणी उघडताना होते तशी. झाकणावर पेन्सिलीएवढी एक वाकडी नळी होती. तिच्या तोंडात वाळलेली माती गच्च बसली होती, सिमेंटसारखी. कुंभारमाशीने घर केले होते. हेअरपिनने ती माती कोरून काढली, फुंकर मारून आरपार झाल्याची खात्री केली, झाकण लावले. त्या दिवशी यंत्र सलग दीड तास चालले.

यात जादू काही नाही. टाकीतून जेवढे डिझेल खाली जाते तेवढी हवा वरून आत यायला हवी. ते भोक बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली उतरेनासे होते. टाकी भरलेली असेल तर आत हवेला जागा कमी, म्हणून पोकळी लवकर होते. आम्ही टाकी भरली त्याच दिवशी दुखणे वर आले ते याचमुळे. थोडा वेळ थांबले की झाकणाच्या फटीतून हवा झिरपते आणि यंत्र पुन्हा चालते. आपल्या भगिनीच्या पत्रातली लक्षणे हुबेहूब हीच आहेत. काही झाकणांवर नळी नसते, नुसते सुईएवढे छिद्र असते. ते धुळीने, किंवा कोणी हौसेने झाकणाला रंग दिला असेल तर रंगानेही बुजते. झाकण सैल ठेवून अर्ध्या तासाच्या वर यंत्र चालले, तर रोग सापडला. झाकणात काही नाही असे दिसले, तर टाकीच्या तळाची जाळी आणि डिझेलचा नळ कचऱ्याने अर्धवट बुजलेला आहे का, ते पाहायचे. पंप त्याच्या नंतर.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला अजून लाज वाटते, पण लिहिते.

झाकण साफ केले त्याच्या दुसऱ्या रात्री पावसाला जोर आला. वादळात शेडचा पत्रा गेलेला, यंत्रावर पाणी पडू लागले. मी आणि मोठ्या मुलाने ते ओढत मागच्या पडवीत आणले. पडवी तीन बाजूंनी बंद. आम्हाला वाटले, धुराड्याचे तोंड बाहेरच्या बाजूला केले की झाले. इशाच्या नमाजनंतर सासूबाई म्हणाल्या, डोके फार जड झाले आहे. थोड्या वेळाने धाकटीला उलटी झाली. मला वाटले, दुपारची मासळी बाधली. अब्बा खोकत होते, पण ते रोजच खोकायचे. तेवढ्यात त्यांनीच विचारले, "इंजिन कुठे आहे?"

"पडवीत."

"बंद कर. आधी बंद कर, मग बोल."

बंद केले. त्यांनी सगळ्यांना ओटीवर बसायला लावले, पावसाचे शिंतोडे येत होते तरी. तासाभरात डोकी हलकी झाली. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की आणखी दोन तास तसेच झोपला असतात तर माझ्यापर्यंत आला नसता.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते, म्हणजे श्वास चालू असूनही अंगाला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी, ही त्याची लक्षणे, आणि घरातल्या दोघा-तिघांना ती एकदम झाली तर जेवण बाधले असे समजून लिंबूपाणी देत बसू नका. यंत्र बंद, सगळे मोकळ्या हवेत, आणि दवाखाना. पेट्रोलच्या इंजिनापेक्षा डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो हे खरे, पण बंद जागेत तो पुरेसा आहे. शिवाय डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. दम्याच्या माणसाचे तर विचारूच नका. म्हणून यंत्र घरापासून निदान वीस फूट, धुराड्याचे तोंड खिडकी-दाराकडे नाही, आणि वारा कुठून येतो ते पाहून. पडवी, जिन्याखालची जागा, बंद गॅरेज यांपैकी काहीही चालणार नाही. दार उघडे ठेवले तरी नाही. पावसासाठी वेगळी शेड हवी : वर पत्रा, निदान दोन बाजू पूर्ण मोकळ्या, खाली फूट-दीड फुटाचा सिमेंटचा ओटा.

वीस फूट मोजताना पलीकडच्या घराच्या भिंतीपासूनही मोजा. आपल्या खिडकीपासून लांब म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीजवळ, असा हिशोब मी अनेक वाड्यांत पाहिला आहे. शेजाऱ्याच्या हक्काचे बयान आपण जुम्म्याला कितीदा ऐकतो, पण धूर आणि आवाज त्यात मोजत नाही. आम्ही आता रात्री साडेदहाला यंत्र बंद करतो. शेजारच्या घरातल्या फ्रिजसाठी आणि मोबाइलसाठी एक वायर देतो. त्यांच्या अंगणात आवाज जातो तर थोडी वीजही जाऊ दे.

यंत्र सुरूच झाले नाही तर काय पाहायचे, ते अब्बांनी मला ज्या क्रमाने शिकवले तसे सांगते. डिझेल आहे का, नळ उघडा आहे का? हसू नका, मी स्वतः नळ बंद ठेवून वीस मिनिटे हँडल मारले आहे. मग बंद करण्याचा खटका चालूच्या बाजूला आहे का. मग ऑइल. काही यंत्रांत ऑइल कमी असेल तर ते सुरूच होत नाही, अशी सोय असते, आणि माणूस विनाकारण बॅटरीला दोष देतो. बॅटरीवर सुरू होणारे असेल तर तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला आहे का ते पाहायचे. खाऱ्या हवेत तो हमखास येतो. वायरी काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासायचा, कोरडे करून घट्ट बसवायचे आणि वरून व्हॅसलिन लावायचे. आधी उणे टोकाची वायर काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर साडेबाराच्या थोडे वर दाखवते. बारा किंवा त्याखाली दाखवत असेल तर ती रिकामी आहे. स्टार्टर दहा सेकंदांच्या वर दाबून धरू नका. मध्ये मिनिटभर जाऊ द्या.

एवढे करूनही धुराड्यातून धूरसुद्धा येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली असेल तर नळीत हवा धरलेली असते. मिस्त्री लोक याला 'एअर घेतली' म्हणतात, आणि कोकणात अर्ध्याहून अधिक 'बंद' जनरेटरांना एवढाच आजार असतो असे माझे मत झाले आहे. ती हवा घरच्या घरी काढता येते. टाकी भरायची, नळ उघडायचा, फिल्टरवरचा छोटा स्क्रू एक-दीड फेरा सैल करायचा, खाली वाटी धरायची. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग डिझेलची अखंड धार लागते. धार लागली की स्क्रू घट्ट. मग पंपाला येणाऱ्या नळीच्या नटाशी हेच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळीचा नट थोडा सैल करायचा, कॉम्प्रेशन सोडायचा खटका वर करून हँडल फिरवायचे, नटातून डिझेल टिचक्या मारत बाहेर यायला लागले की घट्ट करायचे. त्या जागी बोट लावू नका, चेहरा जवळ नेऊ नका. तिथल्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसते. जखम सुईएवढी दिसते, पण तशीच लगेच दवाखान्यात जायचे असते, घरी हळद लावून बसायचे नसते.

हँडल धरण्याचेही एक आहे. अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूनेच ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मुठीत अडकलेला अंगठा आणि मनगट मोडते. अब्बांनी मला हे पाच वेळा करून दाखवायला लावले, मगच शेडमध्ये जाऊ दिले. ओढणी बांधून, बाह्या वर करून. फिरत्या भागाजवळ सैल कपडा नको.

धुराचा रंग बघायची सवय लावा. सुरू होताना थोडा धूर येणारच, पण चालू लोडवर काळा धूर सतत येत असेल तर लोड जास्त आहे किंवा हवेचा फिल्टर बुजला आहे. आधी फिल्टर काढून झटकून पाहा. आमच्याकडे त्यात नारळाच्या काथ्याचा भुगा आणि उंदरांनी आणलेला कापूस निघाला. पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा त्यात पाणी आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आधी ऑइल खुणेच्या वर भरलेले नाही ना ते पाहा. प्रमाणात असूनही निळा धूर येत असेल तर रिंगा झिजल्या, आणि ते मिस्त्रीचे काम.

इंजिन छान चालते पण वीज येत नाही, ही तक्रारही नेहमीची. पहिल्यांदा यंत्रावरचा एमसीबी पाहा, तो पडलेला असतो. तो ठीक असेल तर यंत्र फार दिवस बंद राहिल्याने त्याच्या गाभ्यातले थोडेसे उरलेले चुंबकत्व गेले असण्याची शक्यता असते. त्या चुंबकत्वाच्या जोरावरच वीज तयार व्हायला सुरुवात होते. जाणकार इलेक्ट्रिशियन बॅटरीने ते क्षणभरात परत आणतो. नाहीतर कार्बन ब्रश झिजलेले असतात, किंवा व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर गेलेला असतो. यातले काहीही आपण करायचे नाही. पण इलेक्ट्रिशियनला 'जनरेटर बिघडला' असे न सांगता 'इंजिन चालते, एमसीबी वर आहे, व्होल्ट शून्य दाखवतो' असे सांगितले, की तो योग्य सामान घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते. साधा मल्टिमीटर घरात ठेवा. आठवीच्या मुलांना मी तो वापरायला शिकवते. अम्मी-आपांनाही अवघड नाही. दोनशे तीस व्होल्टच्या आसपास हवे. व्होल्टेज कमी, पंखे मंद आणि फ्रिज गुरगुरतो आहे असे झाले तर फ्रिज आधी बंद करा. इंजिनाचा वेग कमी झालेला असतो, आणि फ्रिज-मोटर असल्या विजेवर जळतात.

लोडबद्दल थोडे. ५ केव्हीए म्हणजे पाच हजार वॅट नव्हे, साधारण चार हजार. एक अश्वशक्तीची विहिरीवरची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढते. फ्रिजचेही तसेच, लहान प्रमाणात. म्हणून आधी मोटर एकटी सुरू करायची, ती स्थिर झाली की फ्रिज, मग दिवे-पंखे. सगळे बटण चालू ठेवून यंत्र सुरू केले की पहिल्याच झटक्यात ते गुदमरते. बंद करताना उलटे : सगळा लोड काढायचा, तीन-चार मिनिटे मोकळे चालू द्यायचे, म्हणजे गरम झालेले भाग निवतात, आणि मग बंद. नुसत्या दोन दिव्यांसाठी पाच केव्हीएचा जनरेटर तासन् तास चालवणेही वाईट. लोड फारच कमी असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, धुराड्यात काळे चिकट तेल जमते. रात्रीच्या दिव्यांना छोटा इन्व्हर्टर बरा. जनरेटर संध्याकाळी दोन तास चालवून त्याची बॅटरी भरून घ्यावी.

सासूबाईंच्या इन्सुलिनचे काय केले, असे पुष्कळांनी विचारले होते. वापरात असलेली बाटली आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवली. बहुतेक प्रकारची उघडलेली बाटली थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते, पण आपल्या बाटलीबरोबरचा कागद वाचा आणि डॉक्टरांना विचारा. न उघडलेल्या बाटल्यांसाठी फ्रिज सकाळ-संध्याकाळ तास-दीड तास चालवला आणि मध्ये दार उघडले नाही.

डिझेल. वादळानंतर आम्ही कॅनमधून आणले, आणि एका कॅनमध्ये पावसाचे पाणी गेले होते. डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी तळाला बसते आणि टाकीचा नळही तळालाच असतो. तेव्हा कॅन आणला की रात्रभर हलवायचा नाही, थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत काढून पाहायचे. खाली वेगळा थर दिसला की पाणी आहे. ओतताना बारीक जाळीच्या गाळणीतून, आणि कॅनचा शेवटचा पेलाभर भाग टाकीत घालायचाच नाही. यंत्र उभे असते तेव्हा टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीच्या पत्र्याला आतून दव धरते, त्याचे पाणी होते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा बुळबुळीत गाळ वाढतो. वर्षभर जुने डिझेल पुन्हा पुन्हा तसेच ठेवू नका. सहा महिन्यांनी वापरून टाकून नवे भरा. ऑइल मात्र यंत्राच्या पुस्तकाप्रमाणे. नव्या यंत्राचे पहिले ऑइल फार लवकर बदलावे लागते, आणि इथेच पुष्कळ लोक चुकतात. यंत्राजवळ एक जुनी वही टांगून ठेवा, चालवले तेवढे तास लिहा. आमच्या वहीची पहिली चार पाने अब्बांच्या अक्षरात आहेत, उर्दूत. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

सगळ्यात महत्त्वाचे शेवटी आले, कारण ते यंत्राचे नाही, वायरिंगचे आहे. वादळाच्या त्या दिवसांत मी दोन घरांत पाहिले : वायरीच्या दोन्ही टोकांना पिन, एक टोक जनरेटरला आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटला. सगळ्या घरात वीज येते, काम झाले. पण मेन स्विच चालू राहिला तर ती वीज घराबाहेर खांबावर जाते, तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरते आणि २३० व्होल्टची वीज पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन बाहेर पडते. तिकडे महावितरणची माणसे, त्यांतली कितीतरी दुसऱ्या जिल्ह्यांतून आपल्यासाठी आलेली, लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेली. शिवाय त्या वायरीची एक पिन सॉकेटबाहेर उघडी राहिली आणि मुलाचा हात लागला तर? असली वायर घरात असेल तर आजच कापून टाका. मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडली जाईल. बसवणारा परवाना असलेला इलेक्ट्रिशियन असू दे. त्याच वेळी जनरेटरला स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि घराच्या मेनवर गळती पकडणारा ईएलसीबी बसवा. खर्च येतो, पण घराच्या रंगापेक्षा कमी.

२०२१ मध्ये तौक्ते वादळ ईदनंतर दोन-तीन दिवसांनीच आले. तोवर चेंजओव्हर बसला होता, नवी शेड उभी होती, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास मोटर लावून यंत्र चालवायचा रिवाज पडला होता. हँडल धाकट्या मुलीने मारले, अंगठा बरोबर बाहेर ठेवून.

आता पाऊस यायच्या आत झाकणाची नळी, धुराड्याचे तोंड आणि वायरी बघून घ्या. कुंभारमाशी धुराड्यातही घर करते आणि उंदरांना वायरीचे प्लास्टिक आवडते. धुराड्यावर पाणी जाऊ नये म्हणून चालू असताना धुराने आपोआप उघडणारी पत्र्याची झडप बसवता येते. ताडपत्री टाकायची ती यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, आणि खालून हवा खेळेल इतकी वर ठेवून, नाहीतर कोकणातला दमटपणा आतच राहतो आणि गंज चढतो.

मंडणगडच्या भगिनीने झाकण उघडल्यावर काय निघाले ते जरूर कळवावे. पुढच्या अंकात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणते आणि किती घालायचे ते पाहू, इन्शाअल्लाह.